किनाऱ्यावरच्या घराला कोणता एसी: हॉट अँड कोल्ड की नुसता थंड?

आमच्या आत्याचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या चैत्रात तिच्या मुलाचा मुंबईहून फोन आला. "दादा, आईच्या खोलीला एसी बसवायचाय. दुकानदार म्हणतोय हॉट अँड कोल्ड घ्या, थोडेच पैसे जास्त पडतील पण बारा महिने उपयोगी. घेऊ का?" मी आत्याकडे गेलो आणि तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माका थंडयेचा काय नाय रे. ह्या ओलीचा काय ता बघ." मग तिने कपाट उघडून दाखवलं. मागच्या पावसाळ्यात लुगड्यांच्या घड्यांच्या कडेला धरलेली बुरशी धुऊनही गेली नव्हती, करड्या ठिपक्यांची रांग तशीच होती.

निम्मा निर्णय तिथेच झाला होता. उरलेला निम्मा करताना मी जे जे तपासलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे. कारण हा प्रश्न आता पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी विचारला जातो, आणि उत्तर मात्र बहुतेक वेळा उत्तर भारतातल्या कडाक्याच्या थंडीकडे बघून दिलं जातं.

आधी थंडीच्या रात्री मोजा

दुकानात जाण्याआधी एक साधं डिजिटल थर्मामीटर आणा, ज्यावर तापमान आणि आर्द्रता दोन्ही दिसतात. तीन-चारशे रुपयांत मिळतं. ज्या खोलीत एसी बसवायचा त्या खोलीत, झोपायच्या उंचीवर ते ठेवा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहाटे पाचला किती अंश होते, ते कॅलेंडरवर लिहीत जा. एवढा धीर नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: गेल्या हिवाळ्यात किती रात्री पंखा बंद करूनही दोन गोधड्या लागल्या?

अगदी किनाऱ्यालगतच्या गावांत हा आकडा फार लहान निघतो. समुद्राचं पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, त्यामुळे शेजारची जमीनही फार गारठत नाही. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, त्याने पहाटे अंगावर शिरशिरी येते, पण दहा वाजेपर्यंत ऊन चटका देऊ लागतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात जानेवारीतली पहाट साधारण १८-२० अंशांची असते. घराच्या आत त्याहून दोन-तीन अंश जास्तच. आंबा बागायतदार याच थंडीची वाट बघत असतात, कारण ती पडली नाही तर मोहोर रखडतो. पण झाडाला मोहोर यायला पुरणारी थंडी आणि माणसाला हीटर लावायला लावणारी थंडी यांत बराच फरक आहे.

किनारा सोडून आत आणि वर गेलं की चित्र बदलतं. दापोलीचं पठार कोकणात थंडीसाठी ओळखलं जातं. तिथे पारा काही वर्षी दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. देवरुख, संगमेश्वर अशा सह्याद्रीच्या जवळच्या भागात रात्री दरीत थंड हवा साचते. आंबोली तर घाटमाथ्यावरच. तेव्हा "कोकणात थंडी नसते" हे वाक्यही सरसकट धरू नका. तुमच्या खोलीतलं थर्मामीटर काय म्हणतं, तेच खरं.

खोलीत पहाटे १८ अंशांच्या खाली जाणाऱ्या रात्री वर्षात दहापेक्षा कमी असतील, तर गरम करणाऱ्या यंत्रावर पैसे घालण्याचं कारण उरत नाही. तीस-चाळीस असतील, तर पुढचा हिशोब नीट करून बघा. या दोन आकड्यांची मधली जागा माणसांवर ठरते, त्याबद्दल नंतर लिहितो.

आत जास्तीचं काय असतं

एसी थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो. खोलीतली उष्णता इनडोअरच्या, म्हणजे खोलीतल्या डब्याच्या, कॉइलमधला गॅस शोषतो, कंप्रेसर तो गॅस दाबतो, आणि आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, कॉइलमधून ती उष्णता बाहेर जाते. हॉट अँड कोल्ड एसीत याच वाटेवर एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो फिरला की गॅसची दिशा उलटते. मग आउटडोअर बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करतो आणि इनडोअर ती खोलीत सोडतो. यालाच हीट पंप म्हणतात.

यातली खरी कमाल वीजवापरात आहे. साधा रूम हीटर १ युनिट विजेची १ युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त देऊच शकत नाही. हीट पंप तेवढ्याच विजेत साधारण ३ ते ४ युनिट उष्णता आत आणतो, कारण बरीचशी उष्णता त्याला बाहेरच्या हवेतून आयती मिळते. बाहेर जितकं कमी थंड, तितकं त्याचं काम सोपं. कोकणातल्या १६-१८ अंशांत तो अगदी आरामात चालतो. थंड प्रदेशांत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतं आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला मध्येच थांबावं लागतं, ती भानगड आपल्याकडे जवळजवळ येतच नाही.

म्हणजे यंत्र म्हणून हीट पंप उत्तमच आहे. प्रश्न एवढाच की आपल्याकडे तो वर्षात किती तास चालणार. शिवाय तो व्हॉल्व्ह, त्याची विजेची कॉइल आणि त्याला जोडलेले झाळकाम केलेले जास्तीचे सांधे हे सगळं आउटडोअरमध्ये, खाऱ्या वाऱ्यात असतं. तिथे गळती झाली तर थंड करणंही बंद पडतं. तालुक्याच्या गावी तो सुटा भाग मिळायला किती दिवस लागतात, हे घेण्याआधी तिथल्या मिस्त्रीला विचारून ठेवा.

पैशाचा हिशोब

कागद-पेन्सिल घ्या. समजा, तुमच्याकडे थंडीच्या २५ रात्री आहेत आणि दर रात्री तीन तास खोली गरम करायची आहे. म्हणजे वर्षाला ७५ तास. दीड हजार वॅटचा हीटर एवढ्या वेळात साधारण ११२ युनिट खाईल. हीट पंप तेवढीच उष्णता ३२ युनिटांच्या आसपास देईल. ८० युनिट वाचले. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला ८०० रुपये.

आता एकाच कंपनीचा, तेवढ्याच टनाचा (टन हे थंड करण्याच्या ताकदीचं माप) आणि तेवढ्याच स्टारचा नुसता थंड करणारा एसी आणि हॉट अँड कोल्ड एसी, दोन्हींची किंमत दुकानदाराकडून लेखी घ्या. फरक सहा हजारांचा असेल तर तो भरून यायला साडेसात वर्षं लागतील. हे झालं दापोलीसारख्या ठिकाणी. आत्याच्या घरी थंडीच्या रात्री पाच धरल्या तर वर्षाची बचत दीडशे रुपयांच्या आसपास येते, आणि तीही ती आज हीटर लावत असती तर. ती लावत नाही, गोधडी घेते.

दर किती धरायचा हे तुमच्या बिलावरून ठरवा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या असतात आणि वरच्या पायरीचा दर जास्त असतो. एसीचे युनिट नेहमी सगळ्यात वरच्या पायरीत जाऊन बसतात, म्हणून हिशोबाला तोच दर घ्या.

स्टार लेबल वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं लेबल आणि त्यावरचा आयएसईईआर (विजेच्या मानाने थंडावा किती मिळतो ते सांगणारा) हा आकडा फक्त थंड करण्यासाठी असतो, वर्षाचे १६०० तास धरून. त्यात गरम करण्याचा हिशोब नसतो. लेबलवर वर्षाचे युनिटही छापलेले असतात, दोन मॉडेलची तुलना त्यावरून करा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच स्टार आणि नव्यावरचे पाच स्टार सारखे नसतात. लेबलवरचं वर्ष बघा. आपण मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात रोज रात्री सात-आठ तास एसी लावतो. वाचलेले सहा हजार जास्त स्टारच्या इन्व्हर्टर मॉडेलवर (ज्यात कंप्रेसर गरजेप्रमाणे कमी-जास्त वेगाने चालतो) घातले, तर ते गरम करण्याच्या सोयीपेक्षा बरेच आधी वसूल होतात.

कोकणातला खरा प्रश्न: ओल

आत्याच्या म्हणण्याकडे येतो. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. बारा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे जवळजवळ ४१ घनमीटर. त्या खोलीच्या नुसत्या हवेत एक लिटर पाणी तरंगत असतं. २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता, जी अंगाला बरी वाटते, त्यासाठी त्यातलं निम्मं पाणी काढावं लागतं. आणि दाराच्या फटींतून, भिंतींतून, आपल्या श्वासातून, दोरीवरच्या ओल्या कपड्यांतून नवं पाणी येतच राहतं.

हे पाणी काढण्याचं काम थंड कॉइलच करतो. कॉइलवर हवा आपटते, दव धरतं, ते ड्रेन पाइपने बाहेर जातं. दीड टनाचा एसी आपल्या दमट हवेत तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज बाहेर टाकतो.

इथेच एक गैरसमज आहे, आणि त्यापायी मी लोकांना हॉट अँड कोल्ड घेताना पाहिलं आहे: "पावसाळ्यात हीट लावली की खोली कोरडी होईल." गरम करताना इनडोअरचा कॉइल तापलेला असतो, त्यावर दव धरतच नाही. पाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही. आषाढातल्या २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीला तापवून ३० अंशांवर नेलं, तर मीटरवरचा आकडा ७२ टक्क्यांवर येईल, कपडे थोडे लवकर वाळतील, पण हवेतलं पाणी तेवढंच राहील आणि खोलीत घामाच्या धारा लागतील. एसी बंद केला की रात्रीत ओल परत.

ओलीवर तीन उपाय चालतात. पहिला, एसीचा ड्राय मोड. त्यात पंखा मंद फिरतो, कॉइल थंड राहतो, तापमान थोडंच उतरतं. पावसाळ्यात दुपारी दोन तास दारं-खिडक्या लावून तो चालवला की कपाटं, गाद्या, पुस्तकं वाचतात. नुसत्या थंड एसीतही हा मोड असतो. दुसरा, डिह्युमिडिफायर. श्रावणात हवा आधीच गार असते, ड्राय मोड लावला तर म्हाताऱ्या माणसाला हुडहुडी भरते; अशा वेळी डिह्युमिडिफायर बरा, कारण तो पाणी काढून हवा किंचित उबदार करून सोडतो. हीट मोडकडून लोक जे मागतात, ते हे यंत्र देतं. तिसरा, मोठा एसी न घेणं. गरजेपेक्षा जास्त टनाचा एसी खोली झटकन थंड करतो आणि मंदावतो किंवा थांबतो. पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली थंड पण चिकट, चादर दमट.

आणि सेटिंग २५-२६ च्या खाली नेऊ नका. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचं दव सुमारे २६ अंशांना धरतं. खोली २० वर ठेवली की बाहेरच्या हवेला लागून असलेली काच, दाराची बाहेरची बाजू, कपाटामागची भिंत यांवर पाणी सुटतं. नंतर तिथेच बुरशी धरते. २६ अंश आणि वर मंद पंखा, याने झोप चांगली लागते.

मग हॉट अँड कोल्ड कुणी घ्यावा

काही घरांना तो खरंच हवा.

ज्या घरात थंडीत दम्याचा त्रास वाढणारं किंवा सांधे धरणारं माणूस आहे, तिथे वर्षातल्या पंधरा रात्रीसुद्धा महत्त्वाच्या. तिथे मघाचा रुपयांचा हिशोब लावू नका.

बाळंतिणीची खोली हे दुसरं कारण, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे शेक-शेगडीची रीत आहे. कोळशाची शेगडी खाटेखाली, दारं-खिडक्या घट्ट, ओवा-वावडिंगाची धुरी. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला झोपेतच गाठतो. जुन्या कौलारू घरात कौलांच्या फटींतून हवा खेळत होती. स्लॅबच्या आणि सरकत्या काचांच्या खोलीत ती खेळत नाही. पौष-माघात घरात बाळंतपण असेल आणि ऊब हवीच असेल, तर ती हीट पंपाची किंवा तेल भरलेल्या विजेच्या हीटरची असू द्या. जळणारं काहीही बंद खोलीत नको. आजीला हे समजावणं कठीण जातं, तरी समजवा.

तिसरं, दापोली पठार, आंबोली किंवा घाटपायथ्याची घरं, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत पाहुणे उतरतात अशी घरगुती निवासाची ठिकाणं. तिथेही सगळ्या खोल्यांना नको, वरच्या मजल्यावरच्या किंवा वाऱ्याच्या तोंडच्या खोल्यांना पुरे.

या घरांनी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, गरम करताना आउटडोअरमधून पाणी गळतं, तेव्हा त्याच्या बुडाला ड्रेनचं तोंड आणि पाइप हवा. दोन, गरम हवा वर चढते आणि इनडोअर आधीच वर असतो, म्हणून पट्ट्या खाली वळवून ठेवा आणि २२-२३ वर समाधान माना.

जाता जाता एक सांगतो. कोकणात उष्णतेवर खरा खर्च अंघोळीच्या पाण्यावर होतो, बारा महिने. पाणी तापवणारा हीट पंपही मिळतो आणि तो आपल्या उबदार हवेत फार चांगला चालतो. चार-सहा खोल्यांचं निवासस्थान चालवत असाल तर पैसे आधी तिकडे घाला.

खोली आणि टन

वर स्लॅब आणि त्यावर आणखी एक मजला असेल, तर १००-१२० चौरस फुटांना एक टन पुरतो, १५०-१८० ला दीड टन. स्लॅब थेट उन्हात असेल तर पुढची पायरी घ्या, किंवा स्वस्तातला मार्ग म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड टाका. ती तशीही पावसासाठी लागतेच.

उघड्या कौलांखाली एसी बसवू नका. मंगलोरी कौलांमधून हवा सतत येत-जात असते, आणि तुम्ही कितीही टन लावले तरी आषाढातली हवा आत येणारच. तक्तपोशी (लाकडी फळ्यांचं छत) असलेली खोली निवडा, म्हणजे बहुतेक घरांत माजघर किंवा माळ्याखालची खोली. नाही तर पीव्हीसीची छत-पट्टी मारून वर इन्सुलेशन टाका. जिप्समचं छत किनाऱ्यावर ओल धरतं, ते टाळा. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत बाहेरून उघडी असेल तर पावसाकडच्या बाजूला तिला गिलावा किंवा पाणी न शोषणारा रंग द्या, कारण जांभा पाणी पितो आणि ते खोलीत सोडतो. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा.

खारा वारा

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे ते. आमच्या स्वतःच्या घरी पहिला एसी बसवला तेव्हा मिस्त्रीने सोयीची म्हणून पश्चिमेची भिंत निवडली, आउटडोअर थेट समुद्राकडे तोंड करून. तिसऱ्या उन्हाळ्यात तो हवा थंड करेना. जाळी काढून पाहिलं, तर कॉइलच्या पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरट पूड बसली होती. बोट लावलं तर पट्ट्या राखेसारख्या गळून पडल्या आणि आतली तांब्याची नळी उघडी पडली, तिच्यावर हिरवा थर. कॉइल बदलायचा खर्च विचारला आणि गप्प बसलो. वॉरंटी कार्ड काढलं, तर त्यात खाऱ्या हवेने झालेला गंज वॉरंटीत धरत नाही, असं बारीक अक्षरात छापलेलं होतं.

तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतात, त्यावर खारट ओलावा बसला की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून हे करा:

वॉरंटी कार्डातलं गंजाबद्दलचं कलम पैसे देण्याआधी वाचा. आउटडोअरचा कॉइल तांब्याच्या नळ्यांचा आणि पट्ट्यांवर संरक्षक थर दिलेला हवा. दुकानात त्याला ब्लू फिन किंवा गोल्ड फिन म्हणतात. इनडोअरच्या कॉइललाही थर आहे का, विचारा. बाहेरचा डबा रंगवलेल्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा घ्या.

आउटडोअर घराच्या जमिनीकडच्या बाजूला घ्या, समुद्राला घराची पाठ मिळेल असा. पाइप तीन-चार मीटर जास्त लागला तरी चालेल, तो खर्च एकदाच आहे. मागे भिंतीपासून वीतभर आणि पुढे चार-पाच फूट मोकळी जागा सोडा. वर छोटं छप्पर, बाजूंनी मोकळं. प्लॅस्टिकने गुंडाळू नका, आत ओल कोंडते आणि गंज दुप्पट होतो.

चिऱ्याच्या भिंतीत आउटडोअरची ब्रॅकेट साध्या फास्टनरवर टांगू नका. जांभा सच्छिद्र असतो, कंप्रेसरच्या थरथरीने फास्टनर सैल होतो. एक तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून पट्टी द्या, नाही तर सरळ जोत्याजवळ सिमेंटचा फूटभर उंच ओटा करून त्यावर गॅल्व्हनाइज्ड स्टँडवर ठेवा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं तेव्हा छपरांचे पत्रे कागदासारखे उडाले. भिंतीवर उंच टांगलेल्या यंत्राचं काय होईल, ते त्यावरून ओळखा.

आणि पंधरवड्यातून एकदा आउटडोअर धुवा. एमसीबी (एसीच्या वायरवरचा सुरक्षा स्विच) बंद करून, गोड्या पाण्याने, झारीने किंवा मंद धारेने. जोराची धार मारली की पट्ट्या वाकतात. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, पावसाचं साठवलेलं चालेल. हे दहा मिनिटांचं काम एसीचं आयुष्य वाढवतं. 

वीज

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सात ते दहा या वेळात वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि व्होल्टेज मोजा. एसीच्या पुस्तिकेत तो किती ते किती व्होल्टेजवर चालतो, हे दिलेलं असतं. तुमचा आकडा त्याच्या कडेला जात असेल तर "स्टॅबिलायझर लागत नाही" हे जाहिरातीतलं वाक्य विसरा आणि दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. मीटरपासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी. वादळानंतर वीज परत येते तेव्हा दाब भलताच वर-खाली होतो, म्हणून सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि गेलेली वीज आल्यावर दहा मिनिटं एमसीबी वर करू नका. घर सड्यावर, कातळात असेल तर अर्थिंग मोजून घ्या. उन्हाळ्यात कोरड्या कातळात ते काम करेनासं होतं, खड्ड्यात पाणी घालावं लागतं. पाली आणि मुंग्या पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डवर) शिरून शॉर्ट करतात, त्यासाठी आउटडोअरच्या वायरच्या भोकाला सीलंट लावा.

बसवण्याच्या दिवशी उभं राहा

घरातल्या कुणी तरी तिथे हजर असावं. पाइपसाठी भिंतीत पाडलेलं कोअर कटिंगचं भोक बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरतं हवं, नाही तर पावसाचं पाणी भिंतीतून आत येतं. ड्रेन पाइपला कुठेही पोट सुटू देऊ नका, मग्गाभर पाणी इनडोअरच्या पन्हळीत ओतून ते बाहेर पडतं का बघा. व्हॅक्यूम पंप लावून किमान वीस मिनिटं पाइप रिकामा करायला सांगा. काही जण वेळ वाचवायला थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" देतात. आपल्या दमट हवेतलं पाणी मग पाइपमध्ये राहतं आणि आतून कंप्रेसर खातं. आजकाल बहुतेक एसीत आर-३२ गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून असं गॅस सोडणं धोक्याचंही आहे. शेवटी फ्लेअर नटांना (पाइप जोडणाऱ्या नटांना) साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा.

हॉट अँड कोल्ड घेतला असेल तर उन्हाळ्यातही त्याच दिवशी हीट मोड लावून बघायला सांगा. बाहेर खूप गरम असेल तर काही मॉडेल तो चालू होऊ देत नाहीत. मग जानेवारीत पहिल्या थंडीला, वॉरंटी असताना तपासा. व्हॉल्व्ह अडकलेला असला तर तो असाच कळतो.

आगोट आणि बंद घर

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत एसीचं नाव घाला. मेच्या शेवटी, झड सुरू होण्याआधी, फिल्टर धुवा, ब्लोअरची जेट सर्व्हिस करून घ्या, ड्रेन साफ करा, स्टँडच्या बोल्टना ग्रीस लावा. रोज बंद करण्याआधी वीस मिनिटं नुसता पंखा मोडवर चालवा, म्हणजे कॉइल सुकतो आणि आत बुरशी धरत नाही. एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो, तो याच बुरशीचा.

चाकरमान्यांच्या बंद घरांना हे जास्त लागू. गणपतीला येऊन शिमग्यापर्यंत घर बंद राहणार असेल, तर जाताना तासभर पंखा मोड, मग एमसीबी खाली, रिमोटमधले सेल काढून ठेवा. शेजारी कुणी विश्वासाचं असेल तर महिन्यातून एकदा एसी तासभर लावायला आणि आउटडोअर धुवायला सांगा.

आत्याच्या खोलीला शेवटी दीड टनाचा, नुसता थंड करणारा, पाच स्टारचा इन्व्हर्टर बसवला. आउटडोअर मागीलदारी, फणसाच्या सावलीत, सिमेंटच्या ओट्यावर. उरलेल्या पैशांत दाराच्या पट्ट्या आणि पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा झाला. पहिल्या रात्री मी ड्रेन पाइपचं टोक मुद्दाम बादलीत सोडलं होतं. सकाळी सहाला आत्याने हाक मारली. बादली अर्धी भरली होती. तिने त्यात हात घालून पाहिला, मग बादली उचलली आणि ते पाणी अबोलीच्या आळ्यात ओतलं.